बन्सीलालच्या गुडघ्यातला चिंचोका

मी एक गुडघा. सोनगीर ते धुळे काळीपिवळी जीप चालवणाऱ्या बन्सीलालचा उजवा गुडघा. डावा माझा जोडीदार आहे, पण त्याच्याकडे क्लच आहे आणि ब्रेक माझ्याकडे. म्हणून बोलायची वेळ माझ्यावर आली.

आम्हाला तोंड नसतं. दुखणं ही आमची एकुलती एक भाषा. मालक जास्त चालला, वाकडा बसला, नको ते उचललं की आम्ही दुखून सांगतो. शहाणा मालक ऐकतो आणि दोन दिवस बसतो. माझा मालक गेली दोन वर्षं सकाळच्या चहाबरोबर एक पांढरी गोळी घेतो आणि माझं तोंड दाबून टाकतो. त्याला जे सांगायचं होतं ते आता तुम्हाला सांगतो. तुमच्यापैकी कुणीतरी त्याच्या गाडीत बसणारं असेल.

माझा जन्म बन्सीलालच्या आधीचा. म्हणजे तो आईच्या पोटात होता तेव्हाचा. पायाच्या जागी आधी एक अखंड कोवळी दांडी होती. मग मधोमध एक फट पडली, वर मांडीचं हाड, खाली नडगीचं, आणि त्या फटीत मी. पण नुसती फट पडून सांधा होत नाही. पोटातल्या पोराने हातपाय हलवावे लागतात. हा आत जसा लाथा झाडायला लागला तशी माझी जागा मोकळी झाली, नाहीतर ती दोन हाडं पुन्हा चिकटून बसली असती. त्याची आई पोटावर हात ठेवून म्हणायची, "पोरगं उधळखोर शे." तिला काय ठाऊक की पोरगं आत गुडघे बनवतंय!

तो जन्मला तेव्हा माझी वाटीसुद्धा हाडाची नव्हती. कूर्चेची होती, मऊ. कूर्चा म्हणजे काय ते हवं असेल तर आपल्या कानाची पाळी सोडून वरची कड दाबून बघा, तशीच पण थोडी निराळी जात. तो अंगणात रांगला, पडला, रडला, तीन-चार वर्षांचा झाला, तेव्हा कुठे वाटी टणक व्हायला लागली.

माझी रचना सांगतो, कारण पुढचं त्याशिवाय कळायचं नाही. मांडीचं हाड खाली येताना दोन गोल गाठी घेऊन येतं. नडगीचं हाड वरून जवळजवळ सपाट. गोल वस्तू सपाट फळीवर ठेवली तर घसरणारच, म्हणून मध्ये दोन अर्धचंद्राच्या गाद्या बसवलेल्या आहेत. हाडांची तोंडं कूर्चेने मढवलेली, पांढरीशुभ्र, काचेहून गुळगुळीत. बाजूंना दोन पट्टे, आत फुलीसारखे आडवे-तिडवे दोन पट्टे, हाड पुढे-मागे सटकू नये म्हणून. पुढून वाटी, कप्पीवर दोर फिरावा तशी मांडीच्या स्नायूची ओढ तिच्यावरून फिरते आणि पाय सरळ होतो. या सगळ्याभोवती एक पिशवी आणि पिशवीत अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखं वंगण. किती? जेमतेम चमचाभर. एवढ्याशा वंगणावर माणूस सत्तर-ऐंशी वर्षं चालतो, आणि वर आम्हालाच नावं ठेवतो.

सगळे सांधे सारखे नसतात. खांदा मोठा हौशी, गोळा उथळ वाटीत बसवलेला, चहूकडे फिरतो आणि म्हणून निखळतोही तोच. खुबा तसाच गोळ्याचा, पण खोल उखळीत बसलेला, घरंदाज. कोपर दाराच्या बिजागरीसारखं, उघडायचं आणि मिटायचं. मीही बिजागरीच, फक्त वाकल्यावर जरासा पीळ घेणारी. पण ओझं मोजाल तर माझ्याइतकं कुणाच्या वाट्याला नाही. बन्सीलाल जिना उतरतो तेव्हा त्याच्या वजनाच्या तिप्पट भार माझ्यावर असतो. मी कधी तक्रार केली नाही.

एक गोष्ट मात्र आमच्या घडणीतच वाईट आहे. ती गुळगुळीत कूर्चा, माझा सगळ्यात कामाचा भाग, मुकी आहे. तिला नस नाही, रक्त नाही. तिला खरचटलं, चीर गेली, तुकडा उडाला, तरी ती ओरडत नाही. आजूबाजूचे ओरडतात, पण उशिरा. आणि तिचं पोट भरतं ते चालण्याने. पाय टाकला की दाबली जाते, उचलला की वंगण शोषून घेते. हलणं हेच आमचं जेवण.

हे बन्सीलालच्या घरात कुणाला कळलं असतं तर पुढचं घडलं नसतं. त्याचे वडील छगनआबा तरुणपणी घोड्यावरून नव्हे, गाढवावरून पडले. वरातीत कुणीतरी चढवलं होतं. गुडघ्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, प्लास्टर निघालं. डॉक्टर म्हणाले, आता रोज वाकवा, दुखलं तरी वाकवा. आबांनी ते काही मनावर घेतलं नाही. पाय उशीवर ठेवून चार महिने पडून राहिले. न हलवलेला सांधा आतून चिकटत जातो. आबांचा गुडघा काठीसारखा झाला तो झालाच. आजही ते ओट्यावर पाय पुढे पसरून बसतात, येणारे-जाणारे अडखळतात, आणि आबा सांगतात, "मना पाय देख. डाक्टरनी हात लावा आनि पाय लाकूड व्हई गया."

घर हे ऐकत मोठं झालं. ऑपरेशन म्हणजे लाकूड, एवढंच त्यांना कळलं.

बन्सीलाल बावीस वर्षांचा असताना स्टिअरिंगवर बसला. तेव्हापासून आम्ही तिघे, तो, डावा आणि मी. सकाळी साडेसातला सोनगीर फाट्यावरून पहिला नंबर त्याचा. "चाला धुये, धुये, धुये!" अशी हाक मारली की बघता बघता गाडी भरते. पुढे दोन, मध्ये चार, मागे जितके देव देईल तितके. शाळा-कॉलेजच्या पोरी, दवाखान्यात निघालेली म्हातारी माणसं, तांब्या-पितळेची भांडी पोत्यात घालून निघालेले कारागीर. माणूस म्हणून बन्सीलाल सोन्यासारखा. म्हाताऱ्यांना हात देऊन चढवतो, पोरींना पुढे-मागे कुणी त्रास दिला तर गाडी थांबवून खाली उतरवतो. तेवीस वर्षांत एक खाडा नाही. लग्नाच्या दुसऱ्या दिवशीसुद्धा गेला होता, त्याची बायको ताईबाई अजून ऐकवते.

त्याच्या वयाच्या एकतिसाव्या वर्षी ते झालं. जीपच्या टपावर सामान बांधून तो खाली येत होता. शिडी सोडून सवयीने उडी मारली. मी मागच्या बंपरच्या कोपऱ्यावर आपटलो. आठवडाभर सूज होती. ताईबाईने एरंडेल लावून रुईची पानं गरम करून बांधली, वरून जुन्या साडीची पट्टी. तिचा हात फार हलका आहे. सूज उतरली आणि सगळे विसरले.

मी कसा विसरेन? मांडीच्या हाडाच्या गोल गाठीवरून कूर्चेची एक खपली हाडाच्या कणासकट सुटली होती. ज्वारीच्या दाण्याएवढी. सुटली आणि माझ्या वंगणात तरंगायला लागली.

तुम्हाला वाटेल, सुटलेला तुकडा वाळून जाईल, विरून जाईल. तसं होत नाही. त्याला रक्त लागत नाही, वंगणावर तो जगतो. माझंच वंगण पिऊन तो माझ्याच आत वाढत गेला. त्याच्यावर थरावर थर चढले. ज्वारीचा दाणा होता तो तुरीएवढा झाला, मग हरभऱ्याएवढा, आणि आता चिंचोक्याएवढा आहे, तसाच चपटा, तसाच गुळगुळीत. मी त्याला पोसतोय आणि मला ते थांबवता येत नाही. याची मला लाज वाटते.

बहुतेक वेळा तो वाटीच्या वरच्या खोलगट जागेत पडून असतो. तिथे असला की मी ठणठणीत. पण पाय हलला की वंगण हलतं आणि तोही सरकतो. कधी बाजूला येतो, कधी मागे जातो. आणि कधी दोन हाडांच्या मधोमध येतो. तेव्हा मी अडकतो. बिजागरीत खडा गेल्यावर दार ना उघडत ना मिटत, तसा. बन्सीलालने कितीही जोर लावला तरी पाय सरळ होत नाही.

पहिल्यांदा असं झालं ते दोन वर्षांपूर्वी, घरी, जेवून उठताना. तो पाटावरच बसून राहिला. ताईबाईने हात लावून बघितलं आणि घाबरली.

"हाई काय? गुडघा भोपळाना मायक फुगेल शे!"

"काही नही वं, वात शे. उतरी जाई."

ती सूज मीच आणली होती. दुसरं काय करणार? आत काहीतरी बिनसलं की आम्ही पिशवीत पाणी भरतो, म्हणजे मालकाला पाय वाकवता येऊ नये, त्याने घरी बसावं. ते आमचं हात जोडणं असतं. त्याने मेडिकलवरून गोळ्या आणल्या. सूज ओसरली, दुखणं गेलं. चिंचोका तिथेच होता.

मग त्याने स्वतःचं एक तंत्र शोधून काढलं. अडकलं की गाडीचं दार उघडायचं, पाय बाहेर सोडायचा, नडगी जराशी बाहेरच्या बाजूला पिळायची आणि झटका द्यायचा. आत कट् असा आवाज होतो, तुकडा सरकतो, पाय मोकळा. या शोधाचा त्याला अभिमान वाटायला लागला. पॅन्टच्या आत इलॅस्टिकची पट्टी चढवायची, गाडीत बसताना उजवा हात मांडीखाली घालून मला उचलून आत ठेवायचं, आणि निघायचं. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, आरामात बसतोय.

एका व्यक्तीला मात्र तसं वाटलं नाही.

सुलक्षणा त्याच्या मोठ्या भावाची मुलगी. धुळ्याला एका दवाखान्यात एक्स-रे काढायचं काम करते. रोज काकाशेजारी पुढच्या सीटवर बसते. हाडं बघणं हाच तिचा धंदा, तिच्या नजरेतून काय सुटणार?

"काका, पाय हातमा धरीसन उचली राह्यनात तुम्ही."

"सवय शे."

"अशी सवय राहस का कोनले?"

तिने पाठच सोडली नाही. शेवटी मागच्या उन्हाळ्यात तिने त्याला दवाखान्यात नेलंच आणि माझा फोटो स्वतः काढला. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला आतून बघत होतं. काळ्या फिल्मवर दोन हाडांच्या मध्ये तो पांढरा ठिपका स्पष्ट होता. डॉक्टरांनी बोट ठेवून दाखवला. म्हणाले, हे औषधाने जाणारं नाही आणि आपोआपही जाणारं नाही. दुर्बिणीतून काढू, दोन छोटी भोकं. महिनाभर गाडी नाही, व्यायाम मात्र रोज. तोपर्यंतही गाडी चालवू नका.

मला इतका आनंद झाला की काय सांगू. मला वाटलं, सुटलो.

बन्सीलाल मान डोलवत होता, पण मांडीचा स्नायू माझ्यावर ताठ झाला होता, यावरून मला त्याच्या मनातलं कळलं. त्याला डॉक्टरांचा आवाज ऐकूच येत नव्हता. त्याला ओट्यावर पसरलेला आबांचा पाय दिसत होता. बाहेर आल्यावर तो म्हणाला, दिवाळीनंतर बघू. एक्स-रेचं पाकीट त्याने ड्रायव्हर सीटखाली सारलं. सुलक्षणाने खूप समजावलं. आबांचं ऑपरेशनमुळे नाही, न हलवल्यामुळे झालं, हेही सांगितलं. तो हसून म्हणाला, "तू पोर शेस." दिवाळी झाली. मग म्हणाला, लग्नसराईनंतर. भीतीला काय, एक सण संपला की दुसरा मिळतो.

ती तरी त्याच गाडीत का बसत राहिली? माणसाचा जीव असतो एकमेकांवर. तिला वाटायचं, आपण शेजारी असलो तर लक्ष राहील.

आता त्या सोमवारचं सांगतो. तीन आठवडे झाले. कापसाचे दिवस. साडेसातची गाडी, अकरा माणसं. सोनगीरचा किल्ला मागे पडला, हायवेला गाडी लागली. बन्सीलालने त्या दिवशी दोन गोळ्या घेतल्या होत्या, कारण आदल्या दिवशी मी पुन्हा सुजलो होतो. उतार लागला. मी ॲक्सिलरेटरवर अर्धवट वाकलेला, गाडीच्या थरथरीने वंगण हलत होतं, आणि मला कळलं की चिंचोका वाटीच्या वरच्या जागेत नाहीये. तो खाली निघाला होता.

मी दुखायचा प्रयत्न केला. जीव तोडून केला. गोळ्यांच्या खाली माझा आवाज पोचलाच नाही.

समोरून एक ट्रॅक्टर उलट्या बाजूने आला. वळसा वाचवायला सगळेच येतात तसा. मागे कापसाने भरलेली ट्रॉली, तिच्यावर तीन बाया बसलेल्या. बन्सीलालने पाय उचलला, ब्रेकवर आणला आणि दाबला. म्हणजे दाबायला गेला. मी सरळ झालो नाही. तुकडा दोन हाडांच्या दाढेत पक्का बसला होता. मांडीचा स्नायू सगळी ताकद लावून वाटी ओढत होता आणि मी जागच्या जागी होतो. ब्रेकचं पेडल तळव्याखाली होतं. तेवढं चार बोटांचं अंतर मला कापता येईना.

"काका, ब्रेक!" सुलक्षणा ओरडली.

त्याने एका हाताने हॅन्डब्रेक खेचला, दुसऱ्याने स्टिअरिंग डावीकडे वळवलं. रस्त्याकडेला मुरमाचा ढीग होता. जीप त्यात नाकापर्यंत घुसली आणि बंद पडली. ट्रॉली हातभर अंतरावरून गेली. वरच्या बाया किंचाळत होत्या.

कुणाचं कपाळ फुटलं, कुणाचा दात हलला. मेलं कुणी नाही. लोक धावत आले, बन्सीलालला काखेत धरून बाहेर ओढलं, आणि त्या ओढण्यात माझी नडगी पिळली गेली. कट्. तुकडा सरकला. बन्सीलाल स्वतःच्या पायांवर उभा राहिला आणि चार पावलं चाललासुद्धा. कुणी काही विचारायच्या आत पुरावा मीच पुसून टाकला.

"काय व्हयनं, भाऊ?"

"ब्रेक लागना नही," तो म्हणाला.

खोटं कुठे होतं त्यात? ब्रेक लागला नव्हताच. पण ते वाक्य त्याच्या तोंडून निघालं आणि वाऱ्यासारखं गावात गेलं. ब्रेक फेल झाला, बन्सीभाऊने हॅन्डब्रेकवर अकरा जीव वाचवले. गॅरेजवाल्याने गाडी तपासली आणि डोकं खाजवलं. "भाऊ, ब्रेक तं चांगला शे. तेल शे, लायनर शे. बठ्ठं बराबर शे." ते ऐकायला कुणाला सवड नव्हती. दुपारपर्यंत बन्सीलालचा फोटो सगळ्या ग्रुपवर फिरत होता.

आपल्याकडे माणूस वाचला की कुणाचा तरी सत्कार करावाच लागतो. त्याशिवाय वाचल्यासारखं वाटत नाही. लीलाधर नाना गावातले पुढारी, त्यांनी लगेच दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मारुतीच्या पारासमोर मंडप घातला. खुर्च्या, माईक, फ्लेक्स. फ्लेक्सवर बन्सीलाल आणि मोठ्या अक्षरांत 'अकरा जीवांचा रक्षक'. छगनआबांना पहिल्या रांगेत बसवलं, त्यांच्या पसरलेल्या पायापुढे मोकळी जागा सोडून.

नानांचं भाषण झालं. "प्रसंगावधान म्हणजे काय, हे आपल्या बन्सीलालभाऊंनी जिल्ह्याला दाखवून दिलं!" टाळ्या. शाल, श्रीफळ, टोपी. वाचलेल्या अकरा जणांपैकी एका म्हातारीने, वच्छलाबाईने, पुढे येऊन त्याच्या पायावर डोकं ठेवलं. पायावर म्हणजे अगदी माझ्याजवळ. "तू व्हता म्हनीसन वाचनूत रे भाऊ!" तिचे अश्रू पॅन्टवर पडले आणि मला ओल लागली. त्या वेळी मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग माईक त्याच्या हातात दिला. सुलक्षणा मंडपाच्या खांबाला टेकून उभी होती, कपाळावर पट्टी. ती त्याच्याकडे एकटक बघत होती आणि तोही तिच्याकडे. तो सांगणार होता, शपथेवर सांगतो. त्याने सुरुवात केली, "खरं सांगू का, मना पाय..." आणि तेवढ्यात आबा रडायला लागले. पोराचा सत्कार बघून म्हातारा हुंदके देत होता. लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबेपर्यंत बन्सीलालचं वाक्य बदललं होतं.

"मी काही करं नही. जे करं ते एकवीरा मायनी करं."

मी समजलो. काल तो फक्त घाबरलेला माणूस होता, त्याला वळवता आलं असतं. आता तो रक्षक होता. शाल पांघरलेल्या माणसाने, अरे बाबांनो, चूक माझ्या गुडघ्याची होती, असं कोणत्या तोंडाने म्हणायचं? गावाने प्रेमापोटी त्याची माघारी फिरायची वाट बंद करून टाकली.

मंडप उठल्यावर सुलक्षणाने त्याला पाराच्या मागे गाठलं. ती चिडली की शहरातल्यासारखं बोलते.

"काका, गाडीचा ब्रेक लागत होता. तुमचा पाय लागत नव्हता. मी शेजारी होते, मी बघितलंय."

"हळू बोल ना वं."

"उद्या सकाळी माझ्याबरोबर दवाखान्यात चला. नाहीतर मी नानांना सांगते."

"सांग. कोन ऐकी?" तो हे दरडावून नाही, अगदी केविलवाणं म्हणाला. "आनि आबाले काय सांगशी? आज पहिल्यांदा तो खुशीमा रडना, सुलू."

तिने नानांना खरंच सांगितलं. नाना म्हणाले, पोरी, घरातल्या माणसाचा मान घरातल्यांनाच बघवत नाही. तिने ताईबाईला सांगितलं. ताईबाईने रात्रीच्या ऐवजी दिवसातून दोनदा एरंडेल लावायला सुरुवात केली, आणि एकवीरेला नवस बोलली. आबांनी नातीशी बोलणं टाकलं. शेवटी सुलक्षणाने काकाला सांगितलं की मी तुमच्या गाडीत बसणार नाही, आणि ती एस.टी.ने जायला लागली. तिला वाटलं, आपण उतरलो की काकाला लागेल, तो विचार करेल.

त्याला लागलं. दोन दिवस जेवला नाही नीट. पण गाडीची डागडुजी होऊन आली आणि गाडी फाट्यावर उभी राहिली. पूर्वी दुसऱ्या गाड्यांकडे जाणारी माणसंसुद्धा आता थांबतात. ज्याने अकरा जीव वाचवले त्याच्या गाडीत बसायचं म्हणून. आयांना वाटतं, पोरगी याच गाडीने गेलेली बरी. गाडी पूर्वीपेक्षा लवकर भरते.

गोळ्या तीन झाल्या आहेत. मी आता दुखत नाही. सूजही आणता येत नाही. मांडीचा स्नायू वापरून वापरून नव्हे, चोरून चोरून वापरल्यामुळे बारीक झालाय, आणि माझ्यातली गुळगुळीत कूर्चा त्या चिंचोक्याने जागोजागी खरवडली आहे. त्यातली कुठलीच गोष्ट बन्सीलालला जाणवत नाही. तो म्हणतो, मायनी कृपा शे, गुडघा एकदम बरा शे.

आज सकाळी त्याने नेहमीसारखा मांडीखाली हात घातला, मला उचललं, आत ठेवलं. मागे माणसं चढत होती. पुढची सीट मोकळी होती. सुलक्षणा येईनाशी झाल्यापासून तिथे तो रोज कुणातरी परक्याला बसवायचा. आज एस.टी. चुकली म्हणून त्याची मुलगी पुनम दप्तर घेऊन आली. यंदा अकरावीला धुळ्याला जाते. आजवर तो तिला एस.टी.ने पाठवायचा, घरच्या पोरीने गिऱ्हाइकाची जागा अडवू नये म्हणून.

"बाबा, सुलक्षणाताई तं आते येस नही. मी पुढे बसू का?"

त्याने तळहात माझ्यावर घट्ट ठेवला. त्याला ठाऊक आहे. कुणी काही म्हणो, त्याला सगळं ठाऊक आहे. मला वाटलं, आता तरी तो उतरेल. दोन माणसं मागून म्हणाली, "बसू द्या ना भाऊ, तुमच्याइतकी भरवशाची गाडी कोणती?"

"बस, बेटा," तो म्हणाला.

गाडी सुरू झाली आहे. मी वाकलेला आहे, थरथर सुरू झाली आहे, आणि चिंचोका वाटीच्या वरच्या जागेतून निघालाय. आज तो कुठे जाऊन बसेल ते मला सांगता येत नाही. आज चुकला तर उद्या. तो वाट चुकणारा नाही, त्याच्यापुढे वाटच केवढीशी आहे!

म्हणून तुम्हाला विनवतो. फाट्यावर उभे असाल आणि काळीपिवळी समोर येऊन थांबली, तर ड्रायव्हरच्या चेहऱ्याकडे बघू नका, चेहरा चांगलाच आहे. त्याचा उजवा हात बघा. तो मांडीखाली जात असेल, तर चढू नका आणि त्याची स्तुतीही करू नका. चावी काढून घ्या, तो भांडला तर भांडू द्या. आणि त्याच्या शेजारी हिरव्या ओढणीची, मोबाइलवर गाणी लावून खिडकीबाहेर बघणारी एक मुलगी बसलेली असेल. आधी तिला उतरवा.